आधी पाणी, मग भजे

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात मुलाच्या घरी, अकराव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या मशीनचं बटण दाबून पेला भरत होते. फोन भाचीचा, विशाखाचा. "आत्या, आई गेली गं... सकाळी गाडीवर जायला निघाली, चप्पल घातली आणि ओट्यावर जरा टेकली. तशीच." विशाखा नर्स आहे. मरण तिच्या रोजच्या पाहण्यातलं. तरी 'तशीच' म्हणताना तिचा आवाज फाटला. मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिले. पेला भरून वाहायला लागला, पाणी फरशीवर आलं, सून आतून धावत आली. आणि खरं सांगते, त्या वेळी मला रडू आलं नाही. डोक्यात एकच प्रश्न आला... आज रांजण कोणी भरला असेल?

बुलडाण्याच्या एस.टी. स्टँडबाहेर ज्यांनी कधी मुगाचे भजे खाल्ले असतील, त्यांना हा प्रश्न वेडगळ वाटणार नाही. बाकीच्यांसाठी सांगते. पंचफुला ही माझ्या थोरल्या भावाची बायको. गावाची फुलामावशी. कडुनिंबाखाली तिची भज्यांची गाडी, आणि गाडीच्या उजव्या हाताला लोखंडी तिवईवर एक भलामोठा मातीचा रांजण. त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं, वर लाकडी झाकण, झाकणावर लांब दांड्याचं पितळी ओगराळं. गाडीवर कुणीही आलं की वहिनी मान वर न करता विचारायची, "पाणी पेले का?" नाही म्हटलं की झाऱ्यानं रांजणाकडे बोट. आधी पाणी प्यायचं, तेही आपल्या हातानं काढून, मग भजे. पाणी न पिणाऱ्याला भजे नाहीत. हा नियम तिनं पंचवीसेक वर्षं चालवला आणि त्यातून कुणालाही सूट दिली नाही. मला तर नाहीच.

मी सहावीत असताना ती आमच्या घरात आली. माहेर धाडजवळच्या एका खेड्यातलं. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या, त्यामुळे आमच्यात तुम्ही-आम्ही कधी आलंच नाही. मी तिला तू, ती मला तू. पुढे मी पुण्याला मामाकडे राहून शिकले, परत येऊन सरकारी कचेरीत कारकून झाले. आम्ही बौद्ध. आमच्या घरात 'नोकरी' हा शब्द वडील जरा आवाज खाली आणून उच्चारायचे. घरातली पहिली सरकारी नोकरी माझी, तेव्हा माझं नाक किती वर गेलं असेल याची कल्पना करा. पुण्याहून येताना मी भाषाही धुऊन आणली होती. 'मले-तुले' कानावर पडलं की मी वहिनीला दुरुस्त करायचे. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या वाक्यात पुन्हा 'मले' म्हणायची.

दादा कापसाच्या ज्या जिनिंगमध्ये कामाला होता ती बंद पडली. चांगला उंचापुरा माणूस घराच्या ओट्यावर बसून दिवसभर रस्ता बघायला लागला. वहिनीनं महिनाभर वाट पाहिली आणि एका रविवारी मी गावातल्याच सासरहून जेवायला आले असताना जाहीर केलं की ती स्टँडबाहेर गाडी लावणार. माझा घास हातात राहिला.

"आपल्या घरातली बाई रस्त्यावर उभी राहून भजी तळणार?"

"भजी नाई, भजे," ती म्हणाली. "अन् तळू नाई तं काय कच्चेच देऊ?"

दादा कित्येक दिवसांनी हसला. मी मात्र चिडले आणि चिडल्यावर माणूस बोलतं तसं पोटातलं बोलून गेले. म्हटलं, वहिनी, आपल्या हातचं कोण खाईल? छोटं शहर आहे. आडनाव सांगायची गरज नाही, गल्ली सांगितली तरी लोकांना कळतं. तिनं उरलेला घास संपवला. ताट उचलून मोरीकडे गेली. मला वाटलं, विषय मिटला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती धाडला गेली. तिथं भांड्यांचा एक व्यापारी चांगल्या बिडाच्या कढया आणतो, तिला कढई घ्यायची होती. संध्याकाळी काळी-पिवळी जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि तिच्यातून आधी तीन माणसं कुरकुरत उतरली, मग एक रांजण उतरला आणि शेवटी वहिनी. अख्ख्या रस्त्यानं तिनं तो मांडीवर धरला होता. कढई नव्हतीच! "कढई कुठंय?" मी विचारलं. "कढई शेजारून मागता येते," ती म्हणाली, "हे कोणाले मागू?" मी कपाळावर हात मारला. भज्यांच्या धंद्याला निघालेली बाई कढईऐवजी रांजण घेऊन येते, हिचं काय होणार, असं मी कचेरीत मैत्रिणीला सांगितलं. म्हणजे 'आमच्या शेजारची एक बाई' असं सांगितलं.

भजे मात्र काय करायची! मुगाची डाळ भिजवून जाडसर वाटलेली, अर्धे दाणे दाताखाली यावेत इतकी जाडसर. त्यात ठेचलेले धणे, लसूण, हिरवी मिरची, ओवा, कोथिंबिरीचे देठ. पानं नाही, देठ. सोडा नाही. तेल तापलं की नाही हे ती एक थेंब पीठ सोडून बघायची. तो लगेच वर आला तर तेल जास्त तापलंय, तळाशी बसून हळूच उठला तर बरोबर. मग मनगटापर्यंत भरलेल्या हातानं भराभर भजे सोडायची आणि कढईवर फेस उठायचा. एक घाणा निघाला की टोपलीत, टोपलीतून पळसाच्या द्रोणात, वर मिठात घोळलेली तळलेली मिरची आणि शेजारी वाटीत पातळ, आंबट, मेथीदाण्याच्या फोडणीची कढी. जाणती गिऱ्हाइकं भजे कढीत चुरून खायची. नवखी आधी नुसतेच खायची आणि अर्ध्यात शेजारच्याचं बघून चुरायला लागायची.

पण हे सगळं नंतर. सुरुवातीला गाडीपुढे माणूस उभं राहत नव्हतं. वास सगळ्यांना यायचा, पावलं घुटमळायची, मग "पाणी पेले का?" आलं की काहीजण रांजणाकडे बघत, ओगराळ्याकडे बघत आणि "येतोच" म्हणून पुढे जात. "येतोच म्हणणारा येत नसते," वहिनी दादाला सांगायची आणि लसूण सोलायला लावायची. मी कचेरीतून परतताना रस्त्याची दुसरी बाजू धरायचे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहिते. गाडी दिसायला लागली की मी स्कूटी पलीकडच्या दुकानांच्या ओळीनं न्यायचे आणि मान सरळ ठेवायचे.

तिला तारलं घाटाखालच्या लोकांनी. आमचा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा वाटलेला आहे. घाटाखाली संग्रामपूरकडची बरीच गावं खारपाणपट्ट्यातली, तिथलं पाणी तोंडात धरवत नाही. सोनाळ्याचा, वरवट बकालचा माणूस जिल्ह्याला कोर्टकचेरीच्या नाहीतर दवाखान्याच्या कामाला यायचा, चार तास एस.टी.त भाजून निघालेला असायचा, आणि इथं एक बाई त्याला सांगायची की आधी गार, गोड पाणी पी, पोटभर पी. तो कशाला नाही म्हणेल? दोन ओगराळी प्यायचा, तोंडावर मारायचा, रिकामी बाटली भरून घ्यायचा आणि मग घाण्यासमोर उभा राहायचा. त्यांच्यामुळे गाडीपुढे गर्दी दिसायला लागली आणि गर्दी बघून घाटावरचे आले. वहिनीला पुढे नुसत्या पिण्यावरून माणूस ओळखता यायचा. एक ओगराळं पिऊन अर्धं सांडणारा घाटावरचा. दोन पिऊन तिसऱ्याकडे बघणारा घाटाखालचा. तारीख पडून आलेला पाण्याकडे न बघता पितो, निकाल लागून आलेला हसत पितो, मुलगी बघायला निघालेला पाणी पिऊन मिशी पुसतो, असं ती सांगायची. मी म्हणायचे, थापा मारतेस. मग ती एखाद्याला विचारायची, "काऊन भाऊ, मुलगी पाहाले चालले का?" आणि तो लाजायचा!

बाटलीवाले हा तिचा खास विषय. एकदा एका बड्या दुकानदाराची गाडी थांबली. कडक इस्त्रीचा माणूस, हातात सीलबंद बाटली. वहिनीनं विचारलं, पाणी पेले का? "आमचं पाणी आहे आमच्याजवळ," त्यानं बाटली दाखवली. "बरं हाय," वहिनी म्हणाली, "मंग भजे बी घरचेच आणाचे होते." मागची रांग खदखदली. तो गेला. त्याच्या जाण्याचं तिला वाईट वाटलं नाही, पण जाताना बघून ठेवलं. लोक विचारायचे, मावशी, असं काय तुमचं? ती सांगायची, "तहानल्या तोंडाले चव समजत नाई. माहे भजे वाया जातात." हे उत्तर सगळ्या गावाला पटलं होतं. मलाही.

गाडी लागून दोन वर्षं झाली असतील. आमच्या कचेरीत नाशिककडच्या एक नव्या मॅडम आल्या होत्या, मोठ्या अधिकारी, खाण्याच्या शौकीन. दौऱ्यावरून परतताना मी त्यांच्या जीपमध्ये होते. स्टँडजवळ जीपच्या खिडकीतून तळणाचा वास आला आणि मॅडम म्हणाल्या, "थांबवा, थांबवा." मी म्हटलं मला ॲसिडिटी आहे, मी आत बसते. त्यांनी हाताला धरून उतरवलं. वहिनीचा हात पिठात होता. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मॅडमकडे पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, आधी पाणी. तिकडं रांजण हाय, आपल्या हातानं घ्या." मग माझ्याकडे वळून, "तुमी बी घ्या बाई."

तुमी. माझ्या डोक्यातल्या उवा काढणारी बाई मला 'तुमी' म्हणत होती. मी ओगराळं उचललं. दोन वर्षांत त्या रांजणाचं पाणी मी पहिल्यांदा पीत होते. मॅडमनी सहज विचारलं, "ओळख आहे का यांच्याशी?" आणि मी म्हटलं, "नाही."

वहिनीनं ऐकलं. झारा फिरत राहिला. तिनं दोन द्रोण भरले. मॅडमच्या द्रोणावर मिरची ठेवली, माझ्या ठेवली नाही. "यांना मिरची का नाही?" मॅडमनी विचारलं. "त्यांच्या तोंडाकडं पाहून समजते," वहिनी म्हणाली. लहानपणापासून मिरचीनं माझ्या तोंडाला फोड येतो. मॅडम हसल्या, म्हणाल्या, कमाल आहे बाईची. मी मान खाली घालून सगळे भजे खाल्ले.

त्या संध्याकाळी मी दादाच्या घरी गेले. वहिनी दुसऱ्या दिवशीची डाळ निवडत बसली होती. मी दारातच रडायला लागले. ती म्हणाली, "काय वं कुंदे, काय झालं?" मी म्हटलं, काय झालं ते तुला माहीत आहे. ती डाळ पाखडत राहिली. "पाणी पेली ना? मंग झालं."

"पण मी नाही म्हटलं वहिनी, सगळ्यांसमोर."

"म्हटलं असशीन. पाणी तं पेली."

मग तिनं मला जे सांगितलं ते पुन्हा कधी कुणाला सांगितलं नाही. ती सात वर्षांची असताना वडिलांबरोबर बाजाराला यायची. बाजाराच्या कडेला एक हॉटेल होतं. आपल्या लोकांनी बाहेर बसायचं, कान तुटलेले वेगळे कप वळचणीला ठेवलेले असायचे, ते आपणच घ्यायचे, आपणच धुवायचे. पाणी मागितलं की हॉटेलवाला बाहेर यायचा आणि तांब्या उंच धरून वरून ओंजळीत ओतायचा. "थो इतक्या वरून टाके कुंदे, का अर्धं पाणी कोपरावरून खाली जाये. माहा बाप म्हणे, पी माय, पी. मी पिओ, पिओ, अन् तहान जायेच नाई. गावापर्यंत तशीच तहानलेली जाओ." तिनं सूप खाली ठेवलं. "म्हणून म्हटलं, आपल्या गाडीवर कोणी कोणाले वरून पाणी टाकाचं नाई. आपल्या हातानं काढा, पोटभर प्या. अन् जो आपलं पाणी पेत नाई, त्याले आपले भजे कायले?"

मला ती कढई आठवली. म्हणजे तिनं न आणलेली. शेजारची कढई, शेजारचा झारा घेऊन तिनं दुकान मांडलं, पण रांजण स्वतःचा हवा होता. आणि कपाळावर हात मारून घेतला तो मी, पुण्याला शिकून आलेली.

दुसऱ्या दिवसापासून मी कचेरी सुटली की गाडीवर जायला लागले. रांगेत उभी राहायचे, कारण आपल्या माणसाला पुढे घ्यायचं तिला मंजूर नव्हतं. पाणी प्यायचे. ती चारचौघांत मला 'मॅडम' म्हणायची, "तुमी बी घ्या बाई" म्हणायची आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून हसायची. आमचा तो खेळच झाला. ज्यांना नातं माहीत होतं त्यांना माहीत होतं. पण त्या गाडीसमोर उभं राहून, चार अनोळखी लोकांत, ही माझी वहिनी आहे, असं मात्र मी एकदाही म्हटलं नाही. आधी लाज होती, मग लाजेची लाज, मग खेळ मोडेल म्हणून. वाक्य तोंडाशी यायचं आणि मी ते कढीबरोबर गिळायचे.

वहिनीचा दरारा मात्र वाढत गेला. बाटली दाखवून गेलेला तो दुकानदार तीन वर्षांनी चैत्राच्या उन्हात परत आला. सरळ रांजणाकडे गेला, ओगराळं भरलं, प्यायला, दुसरं भरलं. वहिनीनं त्याला ताज्या घाण्यातले भजे दिले आणि इतकंच म्हणाली, "गार हाय ना?" पुढे तो आठवड्यातून दोनदा यायला लागला आणि नव्या माणसाला तोच दटावायचा, "अहो, आधी पाणी!" स्टँडवरचे कंडक्टर, झाडू मारणाऱ्या बाया, काळे कोट घातलेले वकील, कॉलेजची पोरं, हिरव्या बांगड्यांतली नवी नवरी... सगळे त्या एका ओगराळ्याखाली. कडुनिंबाच्या मागे बसणारा छत्र्या-कुलपं दुरुस्त करणारा चाचा तर म्हणायचा, मावशीच्या भज्यांपेक्षा पाणी जास्त चालतं, पाण्याचीच गाडी लावा. रोज दुपारी चारच्या सुमाराला एक पांढरी गाय यायची, तिलाही घमेल्यात पाणी आधी आणि वाळकी भाकर नंतर. गायीनं कधी वाद घातला नाही, असं वहिनी माझ्याकडे बघून म्हणायची.

आणि मग तो दिवस. दहाएक वर्षं झाली त्याला. दुपारची वेळ होती, मी रांगेत होते. धाडच्या एस.टी.मधून एक म्हातारा उतरला. स्वच्छ धोतर, टोपी, काठी, सोबत कुणी नाही. वासाच्या दिशेनं आला आणि म्हातारा माणूस म्हणून मी त्याला रांगेत माझ्या पुढे घेतलं. त्याचा नंबर आला. वहिनीनं खाली बघतच विचारलं, "पाणी पेले का बाबा?" "नाई बा," तो म्हणाला, "कुठं हाय?" आणि रांजणाकडे गेला. ओगराळं भरून प्यायला. दुसरं भरलं. मग ओगराळं रांजणाच्या काठावर दोनदा आपटून झटकलं, टण टण, आणि झाकणावर ठेवलं.

वहिनीचा हात थांबला. पंचवीस वर्षांत मी तिचा झारा मधेच थांबलेला पाहिला तो तेवढाच. कढईतले भजे तांबडे व्हायला लागले, मी "वहि..." म्हणता म्हणता थांबले. तिनं एकदम भानावर येऊन घाणा काढला. त्याला द्रोण भरून दिला, कढी दिली. तो कडेच्या दगडावर बसला, चुरून खाल्ले, बोटं चाटली. उठताना पुन्हा रांजणाकडे गेला, पुन्हा पोटभर पाणी प्यायला, पुन्हा टण टण. "बाई, माहं बी हॉटेल होतं पहिले," तो सांगत होता, "बाजारात. पण असे भजे आमच्या बापानं नाई केले. अन् पाणी तं काय सांगू... जीव थंडा झाला." वहिनी म्हणाली, "पुन्हा या बाबा." तो काठी टेकत स्टँडमध्ये गेला.

गर्दी ओसरल्यावर तिनं मला सांगितलं. तोच, वरून पाणी ओतणारा हॉटेलवाला. चहाची गाळणी अशीच दोनदा आपटायचा, टण टण. तो आवाज पन्नास वर्षं तिच्या कानात होता. मी भडकले. "आणि तू गप्प बसलीस? सांगायचं होतं ना त्याला, तू कोण आहेस! सगळ्यांसमोर सांगायचं होतं!"

"कायले?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी आवाज खाली आणला. घामानं आणि तेलानं चमकणारा तो चेहरा नुसता उजळला होता. निवडणूक जिंकलेल्या माणसाच्या गळ्यात हार असतात तेव्हा तो असा दिसतो. "पाणी पेला ना थो. दोनदा पेला. पोटभर पेला. मंग झालं."

घरी जाताना माझ्या लक्षात आलं की हेच वाक्य तिनं मला म्हटलं होतं. पाणी पेली ना, मंग झालं. तो आणि मी तिच्या हिशेबी एकाच रांगेतले. दोघांनी तिला बाहेर ठेवलं होतं आणि दोघांना तिनं पाणी पाजलं होतं. त्या विचारानं मला लाजही वाटली आणि तिचा अभिमानही वाटला.

दादा गेला, विशाखा नोकरीला लागली, मी निवृत्त होऊन पुण्याला जाऊन-येऊन राहू लागले. वहिनीला विशाखा म्हणायची, आता पुरे, माझ्याकडे चल. "अन् पाणी कोण पाजन?" एवढंच ती विचारायची. शेवटची भेट दिवाळीनंतरची. मी निघताना तिनं माझी पाण्याची बाटली हातातून घेतली, रांजणातून भरली आणि परत दिली. "घाट उतरेपर्यंत पुरन," म्हणाली.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्यातल्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, खूप माणसं आली. त्रिशरण-पंचशील झालं, लोक वहिनीबद्दल बोलले. तो कडक इस्त्रीचा दुकानदार माइक हातात घेऊन उभा राहिला आणि तो तसाच शेजारच्याच्या हातात देऊन खाली बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि विशाखानं ठरवलं की गाडी हलवायची आणि रांजण घरी आणायचा. मला तो हवा होता. पुण्याला नाही नेता येणार, पण घराच्या ओट्यावर तरी ठेवू. मी ऑटो घेऊन गेले. वहिनी जाऊन दोन आठवडे होऊन गेले होते. गाडीवर ताडपत्री बांधलेली, कढई उपडी. रांजण कोरडा ठणठणीत असेल असं धरून मी झाकण उचललं.

पाणी काठापर्यंत होतं. गोणपाट ओलं. ओगराळं राखेनं घासून लख्ख केलेलं.

"ओ बाई! काय करून राह्यल्या?" मागून आवाज आला. चाळिशीची एक बारीकशी बाई, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत भरलेल्या कळशा. मी म्हटलं, रांजण न्यायला आलेय. तिनं कळशा दाणकन खाली ठेवल्या. "नेता कशा? हा मावशीचा रांजण हाय." तिनं सांगितलं ते असं. ती वरवट बकालची. नवऱ्याची किडनी कामातून गेलेली, आठवड्यातून दोनदा त्याला घेऊन इथल्या दवाखान्यात यावं लागतं. तो मशीनवर असतो तेवढे चार तास ती बाहेर. वहिनीनं तिला पहिल्या दिवशी पाणी पाजलं, भजे दिले, निंबाखाली बसवून घेतलं. तिच्या गावच्या पाण्याची कहाणी ऐकली. "मावशी गेली समजलं, तं मी आली त्या दिवशी रांजण खाली होता. मले पाहवलं नाई. हापशीवरून आणून भरला. माह्या दिवशी मी भरतो, बाकीच्या दिवशी झाडूवाल्या बाया भरतात, छत्रीवाला चाचा भरते, ते दुकानवाले भाऊ तं स्वतः कळशी घेऊन येतात." इतक्यात सकाळची घाटाखालची एस.टी. लागली. उतरलेली माणसं सवयीनं आमच्याकडे वळली. भजे नव्हते, तरी रांग लागली. एकेकानं आपल्या हातानं ओगराळं भरलं. ती बाई मधे उभी राहून प्रत्येकाला विचारत होती. तोच सूर, मान खाली घालून.

विशाखाला मी फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती रडली आणि मग हसली. तिनं नोकरी सोडलेली नाही, पण गाडी त्या बाईला दिली आहे. आता आठवड्यातून दोन दिवस मुगाचे भजे पुन्हा मिळतात. कढीला अजून वहिनीची धार नाही, येईल.

पण हे नंतरचं. त्या सकाळी मी ऑटोवाल्याला परत पाठवलं आणि तिथंच उभी राहिले. ती बाई कळशा रांजणात ओतून माझ्याकडे वळली. रांगेतली माणसं बघत होती, चाचा कुलूप हातात धरून बघत होता.

"तुमी कोण म्हणा त्यायच्या?"

पंचवीस वर्षं गिळलेलं वाक्य मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की स्टँडवरची दोन माणसं वळली. "मी नणंद हाओ त्यायची! फुलामावशीची सख्खी नणंद!" पुण्याची भाषा कुठं गेली कोण जाणे.

तिच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. पदर खोचून तिनं मला आपादमस्तक पाहिलं आणि झाकणावरून ओगराळं उचलून माझ्यापुढे धरलं.

"असान," ती म्हणाली. "पाणी पेले का?"